बुटका ओटा

म्हसवडात भाऊसोच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा बुटका आहे. नवा माणूस आत गेला की त्याला ते लगेच कळतं. ताठ उभं राहून तिथं कांदा चिरता येत नाही, कमरेत वाकावं लागतं. भाऊसो तर उंच गडी. तो पार दुमडतो. पण हा ओटा काही चुकून बुटका झालेला नाही. तो त्याच्या बायकोच्या, राहीबाईच्या मापाचा आहे.

घर बांधलं तेव्हा भाऊसो तिकडं सेलमला गलाईच्या दुकानात चांदी वितळवत होता. इकडं वाळू, विटा, गवंडी, पाणी सगळं राहीबाईनं एकटीनं बघितलं. गवंड्यानं ओट्याची उंची विचारली तेव्हा ती भिंतीला लागून उभी राहिली, हात कोपरात वाकवला आणि म्हणाली, "हितवर."

गवंडी म्हणाला, "बाई, समद्यांचा ह्याच्यापरास वर असतोय."

"समदी येऊन भाकरी थापणार हायत का हितं?"

वर काळा दगड टाकायचा सोडून तिनं पांढऱ्या, तळहाताएवढ्या टाइल्स बसवून घेतल्या. पांढऱ्यावर घाण दिसते, असं चारचौघींनी सांगून पाहिलं. "दिसली म्हंजे पुसता येती," असं तिनं चौघींना सांगितलं.

राहीबाई पोळ्याच्या आधी गेली. शेवटच्या दुखण्यात ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि भाऊसोला भाकरी शिकवायची. पीठ किती, पाणी किती, तवा कधी तापला. भाऊसोची पहिली भाकरी बघून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर त्यानं दुसऱ्याच्या हातचं मागितलं नाही. ती गेल्यावरही नाही. तिच्या ओट्यावर वाकायचं, दोन भाकरी थापायच्या, कालवण करायचं, ओटा पुसायचा. हा त्याचा दिवस होता.

पण टाइल्सच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंट चिंचेच्या आणि लिंबाच्या पाण्यानं खाऊन गेलं होतं. सांधे काळे पडले. मुंग्यांनी आत घरं केली. पाणी खाली मुरून कपाटाच्या फळीला बुरा आला.

मुलगा अमृत बायको सोनमबरोबर सांगलीत विश्रामबागेत राहतो. शिमग्याला तो आला, त्यानं फळी बोटानं दाबली, तर बोट आत गेलं.

"आबा, हे सगळं काढायचं. ग्रॅनाइट टाकायचं, ओटा वर घ्यायचा. मग घर भाड्यानं द्यायला मोकळं. तुम्ही आमच्याकडं चला. सोनमनं खोली लावून ठेवलीय."

"ओट्याला हात लावायचा न्हाई."

"अहो, किडे फिरतायत तिथं! त्यावर तुम्ही खाताय."

"ताटात खातो मी. ओट्यावर न्हाई."

भाऊसोची थोरली बहीण धोंडुबाई तिथंच शेंगा फोडत बसली होती. ती पलीकडच्या गल्लीत एकटीच राहते. ती म्हणाली, "जा की रं भाऊ. बापय माणसानं किती दिस चुलीपाशी मरायचं? लोकं मला इचारत्यात, भन असून भावाला भाकरी घालत न्हाई व्हय म्हनून."

"लोकांना म्हनावं, माज्या हातची खाऊन बगा."

अमृत वैतागला. म्हणाला, "बरं. मी पंधरा दिवसांनी रविवारी येतो. तोवर तुमच्यानं हे सांधे धड झाले, पाणी मुरायचं थांबलं, तर मी परत ग्रॅनाइटचं नाव काढणार नाही. नाही झालं, तर येताना मिस्त्री आणि दगड घेऊनच येणार आहे. ओटा फुटंल आणि तुम्ही माझ्या गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल," भाऊसो म्हणाला. "दगड आनू नगंस. वझं हुईल."

दुसऱ्या दिवशी तो जयराजच्या टाइल्सच्या दुकानात गेला. जयराजनं त्याच्यापुढं एक डबा ठेवला. "आवं, पांढरं सिमेंट परत भरू नका, परत खाऊन जाईल. हे इपॉक्सी घ्या. ह्याला लिंबू लागत न्हाई, चिंच लागत न्हाई. आत दोन पाकिटं हायत आन् एक पूड. तिन्ही मिसळली की लागायचं कामाला. थोडं थोडंच कालवा, ऊन लय हाय, हातात दगड हुईल. सांध्यात दाबून भरायचं, आन् लगीच ओल्या स्पंजानं वरचं पुसून काडायचं. मंग एक रोज पान्यापासनं जपायचं. जमंल न्हवं? का माणूस देऊ?"

"चांदी वितळवलीय रं आयुष्यभर."

"चांदी परत वितळती, भाऊसो. हे एकदा बसलं की बसलं."

जुनं सिमेंट काढायलाच आठवडा गेला. भाऊसोनं विळीचं जुनं पातं घेतलं आणि सांधा न् सांधा उकरला. कमरेचे हाल झाले. ओट्यावर वाकून काम करायचं म्हणजे त्याला गुडघे दुमडून, एका कुशीला कलून उभं राहावं लागत होतं. मधेच तो जमिनीवर आडवा पडायचा, छताकडं बघायचा, परत उठायचा. सांध्यांतून काय काय निघालं. हळद, तीळ, मोहरी, कधीकाळची मुंगी. हळदीनं पिवळी झालेली भुकटी त्यानं केरात टाकली नाही. परसात तुळशीच्या बुडाला टाकली.

मग सांधे धुतले, दोन दिवस वाळू दिले आणि इपॉक्सी कालवलं. राळेसारखं चिकट. बोटाला लागलं ते सुटेना. पण रबरी थापीनं दाबलं की सांध्यात असं बसत होतं की बघत राहावं. वाटीवाटीनं कालवत, भरत, पुसत त्यानं दुपार ढळेपर्यंत सगळा ओटा भरला. पुसायला जरा उशीर झाला तिथं टाइलवर धुरकट डाग राहिले. राहू देत. लांबून ओटा नवा दिसत होता.

त्याला राहीबाईला हाक मारून दाखवावंसं वाटलं. मग तो हात धुऊन, टोपी घालून देवळाकडं गेला. घरात थांबवेना.

दिवेलागणीला परत आला तर स्वयंपाकघरात ओल्या बारदानाचा वास. सगळ्या ओट्यावर भिजलेली पोती पसरलेली. पाणी खाली टपकत होतं. धोंडुबाई रिकामी कळशी घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं.

"कामावर पानी न्हाई मारलंस व्हय रं? कोरडं ठाक पडलं हुतं. चिरा गेल्या असत्या. बरं म्या आले."

भाऊसोनं एक पोतं उचललं. खालचे सांधे दुधाळले होते. बोट लावलं तर मऊ, चिकट, पापडाच्या लाटीसारखे.

"आक्का! ह्याला पानी चालत न्हाई!"

"चालत न्हाई? अशी कंची वस्तू हाय जिला पानी चालत न्हाई?"

"ही!"

"मंग तूच तर मगाशी ओला स्पंज फिरवत हुतास! म्या खिडकीतनं बगितलं की!"

तिचंही खरं होतं. धोंडुबाईनं उभं तारुण्य रोजगार हमीच्या कामांवर काढलं होतं. नाला असो, बंधारा असो, शाळेची भिंत असो, बाईमाणसाचं काम एकच, पाणी वाहायचं आणि नव्या कामावर मारायचं. हे घर बांधलं तेव्हा तिनं आणि राहीबाईनं मिळून ओढ्यातनं घागरी आणून भिंती भिजवल्या होत्या. त्या भिंतीला अजून तडा नाही. नवं काम कोरडं बघून तिला बसवणारच नव्हतं.

सकाळी भाऊसो जयराजकडं गेला. जयराज आधी हसला, मग भाऊसोचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. "पुरतं कडक झालं नसंल तवर उकरून काडा," तो म्हणाला आणि दुसरा डबा काढला. "न्हाई तर मशिन लावावं लागंल, टाइल्स जातील. परत भरलं की एक रोज पान्याचा थेंब न्हाई. धोंडुआक्काला कुलूप घाला."

घरी आला तर धोंडुबाई ओट्यापाशी उभी. पदर खोचलेला, हातात त्याचंच विळीचं पातं. सांधे उकरायला लागली होती.

"तू कशाला आक्का?"

"माज्या हातनं झालंय, म्या काडनार. तू पलीकडनं लाग."

दोघं उकरत राहिले. शनिवार होता. अमृत उद्या येणार, हे दोघांनाही माहीत होतं. बऱ्याच वेळानं धोंडुबाई थांबली. पाठ ताठ केली, परत हात ओट्यावर ठेवले.

"भाऊ, हितं माजी कंबर न्हाई रं दुखत."

भाऊसोनं बघितलं. धोंडुबाई राहीबाईएवढीच होती. तिचे कोपर ओट्याला बरोबर लागत होते.

"माज्या घरचा ओटा माज्या छातीला येतोय," ती म्हणाली. "जल्म गेला टाचा वर करून. तिनं कसा बरुबर करून घेतला बग. कुनाला भ्याली न्हाई." मग परत पातं चालवायला लागली. आता तिचा हात आधीपेक्षा जोरात चालत होता.

रविवारी सकाळी सांधे पुन्हा कोरडे, रिकामे झाले. भाऊसोनं दाराला आतून कडी लावली, पहिली वाटी कालवली, चार सांधे भरले, आणि बाहेर अमृतची गाडी आणि तिच्यामागं टेम्पो वाजला.

अमृत खिडकीत आला. आत उकरलेला ओटा बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आबा! हे काय? पंधरा दिवसांत एवढंच? दार उघडा. मिस्त्री आलाय, दगड आलाय."

"दगड बाहीरच राहू दे."

"तुमचं-माझं ठरलं होतं!"

"ठरलं हुतं रविवारी. रविवार अजून सरला न्हाई."

"परवा झालं हुतं समदं," धोंडुबाई मधे पडली. "चकाचक. म्या पानी घालून नासलं. चूक माजी हाय, ओट्याची न्हाई. न्यायचं तर मला ने सांगलीला, तुज्या सोनमच्या घरात पानी मारत बसते."

टेम्पोतला मिस्त्री हसला. अमृत हसला नाही. "आत्ती, तूच म्हणत होतीस ना, आबांना घेऊन जा म्हणून?"

"म्हनत हुते. आता न्हाई म्हनत. मानसानं शब्द बदलूच ने का?"

"आबा, दार उघडा."

भाऊसोनं कडी काढली. अमृत तरातरा आत आला. तोंड उघडणार तोच भाऊसोनं त्याच्या हातात स्पंज दिला.

"हे वाटीत घट्ट व्हाया लागलंय. मी भरतो, तू पूस. परवा डाग पडलं तसं पडू द्यायचं नसंल तर दोन मानसं लागत्यात. भांडायचं ते वाटी सपल्यावर."

"मी भांडायला—"

"पूस रं!"

अमृत पुसायला लागला. दुसरं करण्यासारखं तिथं काही नव्हतंच. इपॉक्सी खरंच कुणासाठी थांबत नव्हतं. भाऊसो थापीनं दाबत पुढं सरकायचा, अमृत मागून पुसत यायचा, धोंडुबाई पुढची वाटी कालवायची आणि स्पंज फार ओला झाला की ओरडायची. "पानी कमी! पिळ आदी! मला शिकवायच्या आदी सोता शिक!" मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. एका कोपऱ्यात थापी पोचेना तेव्हा तोच पुढं झाला आणि अंगठ्यानं सांधा दाबून दिला.

पाठ मोडून वाकलेला अमृत म्हणाला, "आबा, हे परत काळं पडलं तर?"

"परत खरवडीन."

"आणि तुमची कंबर धरली तर?"

"आक्का हाय."

"आणि आत्तीची धरली तर?"

"तुजी बरी हाय न्हवं?" धोंडुबाई म्हणाली. "मंग पूस तिकडं. धुरकट राहिलंय."

दुपारपर्यंत ओटा भरून झाला. सांधे सरळ, पांढरे, टाइलच्या कडेला टाइल घट्ट. अमृतनं वाकून एका बाजूनं नजर लावली, मग दुसऱ्या बाजूनं लावली. बाहेर जाऊन मिस्त्रीला म्हणाला, "दगड परत न्यायचा." आत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. ते इपॉक्सीच्या वासानं, असं तो म्हणाला. वास तसा फारसा येत नाही.

"आईला बरं वाटलं असतं," तो म्हणाला.

"तिला?" भाऊसो म्हणाला. "तिनं आदी डाग दाखवलं असतं. त्यो बग तितं एक, तुजा."

ओट्याला हात लावायचा नव्हता, म्हणून भाऊसोनं गॅस सोप्यात जमिनीवर मांडला. मिस्त्रीलाही जेवायला बसवलं. भाकऱ्या भाऊसोनंच केल्या. धोंडुबाईला परातीला हात लावू दिला नाही. तिनं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

उन्हं उतरल्यावर अमृत गाडीत बसला. शेजारची सीट रिकामी होती. त्यानं काच खाली केली. "आबा, तुम्हाला एकट्याला ठेवून जायला मला बरं वाटत नाही. हे खरं सांगतोय."

"मलाबी बरं वाटत न्हाई तू गेल्यावर," भाऊसो म्हणाला. "पर घर माजं हाय, भूक माजी हाय, आन् ओटा तिचा हाय. जोवर वाकता येतंय तोवर मी वाकनार. फुडल्या ऐतवारी सोनमला घेऊन ये. जेवायला वाकावं लागत न्हाई, फकस्त करायला लागतं."

गाडी वळणावरून गेली. भाऊसो आत आला, पाण्याच्या कळश्या उचलल्या आणि स्वयंपाकघराच्या बाहेर नेऊन ठेवल्या.