विचारार्थ सादर

अक्षयाने गाठ शेवटी दातांनी सोडवली. फायलीची फीत बाबा अशी बांधत, की सोडणाऱ्याने दोनदा विचार करावा.

"त्या गठ्ठ्यातलं सगळं रद्दीत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "उघडून बघत बसलीस तर महिनाभर पुरेल."

महिना नव्हताच. बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते आणि सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर तीस तारखेला सोडायचं होतं. बांधाबांध करायला अक्षया सकाळीच नोएडाहून आली होती. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, तीन आठवड्यांवर आली होती. बाबा असताना नुसतीच बोलून दाखवलेली ही परीक्षा; सप्टेंबरात एका ऊर्मीत तिने नाव नोंदवलं, आणि त्यानंतर पुस्तकाला हात लावला नव्हता. पडद्यावर परीक्षा रद्द करण्याचं पान होतं. एक बटण दाबायचं राहिलं होतं.

फायलीवर बाबांच्या अक्षरात विषय होता: 'चि. अक्षया यांच्या प्रवेश परीक्षेकरिता विनामूल्य अभ्याससाहित्य'.

ती उभ्यानेच वाचू लागली. डावीकडे हिरव्या कागदांवर टिपण, उजवीकडे जोडपत्रं, प्रत्येक पानाला क्रमांक. चौतीस वर्षं बाबांनी कचेरीत फायली अशाच चालवल्या, आणि घरातही. ती आठ वर्षांची असताना सहलीची फाइल निघे, सायकलची निघे, मांजर पाळण्याची तर दोनदा निघाली. बाबा खालचे कारकून, अक्षया वरची अधिकारी. पटलं तर ती 'मान्य' लिहून सही करी. नाही पटलं, तर बाबांनीच शिकवलेला शेरा मारी: 'चर्चा करावी'. मग बाबा तिच्या स्टुलासमोर हजर होत आणि चर्चा संपेपर्यंत हलत नसत.

'१. क्लास लावण्यापूर्वी फुकट काय मिळते हे पाहणे इष्ट. २. परीक्षा घेणाऱ्यांच्याच साइटवर दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य आहेत. ३. एक निवृत्त प्राध्यापक यूट्यूबवर गणित शिकवतात. बोलतात फार, शिकवतात उत्तम. ४. वाचनालयातले पुस्तक जुने आहे. आता परीक्षेत भूमिती नाही, ती प्रकरणे सोडावीत.'

प्रत्येक साइटपुढे तिचा पत्ता लिहिलेला, एकेक अक्षर सुटं. अक्षयाने पहिला टाइप केला. साइट उघडली. दुसराही उघडला, आणि खोलीत एक खर्जातला आवाज घुमला.

आई हात पुसत दारात आली. "अगं, हाच तो माणूस. रोज संध्याकाळी हेच चालू असायचं. मला वाटलं, शेअर बाजारात पडले की काय."

"ते माझ्यासाठी ऐकत होते, आई. हे बघ, प्रश्नसुद्धा सोडवलेत."

"चष्म्याचा नंबर वाढलाय म्हटलं, तर डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता. आणि इथे गणितं."

अक्षया हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिचं तिलाच ते हसणं मोठं वाटलं. ती भराभर पानं उलटू लागली. एक पत्ता उघडायचा, पुढचा शोधायचा. टॅबवर टॅब उघडत गेले आणि रद्द करण्याचं पान त्यांच्या मागे कुठेतरी गेलं.

शेवटचं टिपण छोटं होतं. 'स्वतः सोडवून पाहिले. चाळीसपैकी एकोणतीस बरोबर. परीक्षा अवघड आहे, पण आवाक्यातली आहे. विचारार्थ सादर.' खाली सही, श्यामकांत. तारीख दोन फेब्रुवारी. बाबा गेले तेरा तारखेला. समासात, फाइल ज्या अधिकाऱ्याकडे जायची तिचं नाव: 'अक्षया'. त्याखालचा हिरवा कागद कोरा.

तिने पेन काढलं. पण आधी तिची नजर शेजारच्या जोडपत्रावर गेली. क्ष किती हे ठरवायला दिलेली माहिती पुरते का, असा प्रश्न होता. पहिलं विधान: क्षचा वर्ग नऊ. दुसरं: क्ष शून्याहून लहान. बाबांनी लिहिलं होतं, 'क्ष = ३. पहिले विधान एकटेच पुरेसे.' आणि पुढे बरोबरची खूण.

"चूक आहे," अक्षया म्हणाली. "आई, बाबांचं चुकलंय. उणे तीनचा वर्गही नऊच. दोन्ही विधानं लागतात. त्यांनी दुसरं वाचलंच नाही."

"घाई त्यांना सगळ्याचीच होती," आई म्हणाली.

"मग एकोणतीस नाहीत. अठ्ठावीस."

ती फाइल जवळ ओढून बसली. कोऱ्या जागेत तिने आजची तारीख घातली आणि पेन थोडा वेळ कागदावर टेकवून ठेवलं. मग सावकाश लहानपणीच्या शेऱ्याचे दोन शब्द लिहिले, खाली सही केली, आणि समासात, फाइल परत जायची म्हणून, 'बाबा' असं लिहिलं.

आईने खांद्यावरून वाकून ते वाचलं. आत जाऊन तिने गॅस बंद केला, बांधून ठेवलेल्या सामानातून स्टूल ओढून काढलं आणि टेबलासमोर येऊन बसली.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तरी सांग. उणे तीन कुठून आला?"