बाद झालेले वीस सेकंद

सकाळी सव्वासात वाजता मंगलीने टोपलीतला धानाचा कोंडा नाल्यात भिरकावला. कोंडा पसरत खाली गेला. काठावरच्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याने त्याचे वीस सेकंद टिपले आणि लाल दिवा विझला.

"आज मस्त पसरला, बाई," खांबाखाली लॅपटॉप घेऊन बसलेला रोशन म्हणाला. "मागच्या महिन्यात नुसते ढीग पडून राह्यले होते."

"नाल्याले वेळेवर जेवण भेटते, भाऊ. घरच्या कोंबड्या मात्र माह्यावर रुसल्या."

रोशन नागभीडचा. महिन्यातून एकदा येऊन तो कॅमेऱ्यातले व्हिडिओ काढून नेई. हा नाला भरला की भामरागडकडची चार गावं तुटतात; पाणी कधी, किती वाढेल हे आधी कळावं म्हणून ही मोजणी होती. कॅमेरा दर पाव तासाला जागा होई. पाणी नितळ असलं की त्याचा वेग चित्रात दिसत नाही, म्हणून रोज सव्वासातला कोंडा टाकायचा. तो एका चित्रातून दुसऱ्या चित्रात किती सरकला त्यावरून कम्प्युटर वेग काढी; बाकी वेळी वाहत्या फेसा-पाचोळ्यावरून अंदाज घेई. पाण्याची खोली खडकावर रंगवलेल्या पट्टीवरून कळे. जूनपासून कोंड्याचं काम मंगलीकडे होतं.

"एक सांगा," रोशन म्हणाला. "सकाळी सव्वासहाले त्या काठावर कोण येते तुमच्या गावचा? माणूस दिसला की कम्प्युटर गडबडते, व्हिडिओ बाद होते. या महिन्यात तीन गेले. त्याले म्हणा, जरा बाजूनं उतरत जा."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पलीकडच्या काठावर एक माणूस उतरला. खांद्यावर पिशवी होती. वाकून त्याने पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पाण्यात पाय घालण्याआधी सगळेच तसं करतात. मग तो उभा राहिला. वीस सेकंद संपले. पाव तासानंतरच्या व्हिडिओत दोन्ही काठ रिकामे होते.

मंगलीने हाताचा कोंडा लुगड्याला पुसला. हात स्वच्छ झाल्यावरही ती पुसत राहिली. चेहरा नीट दिसत नव्हता, पण डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. तिच्या नवऱ्याचा, पत्रूचा तसाच होता. दोन वर्षांपूर्वी तो मिरची तोडायला तेलंगणात गेला. सोबतचे सगळे उन्हाळ्याआधी परतले. हा आला नाही. निघताना भांडण झालं होतं आणि "आता तोंड दाखवू नको" असं मंगली म्हणाली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सासूला ती दोन्ही पावसाळे एवढंच सांगत आली होती, की नाला उतरला की येतील.

"बाकीचे दोन लाव."

त्या दोन्हींत तोच माणूस होता. तिन्ही दिवस गुरुवारचे होते. त्यातल्या एकाही गुरुवारी नाला ओलांडून गावात कोणी आलं नव्हतं.

"पाणी किती होतं तवा?"

"बाद व्हिडिओतून वेग नाई भेटत, बाई."

"वेग नाई इचारत मी. खोल किती होतं?"

रोशनने चित्रातली पट्टी मोठी केली. "छत्तीस सेंटीमीटर. मंग चौतीस. मंग एकतीस."

"म्हंजे?"

त्याने स्वतःच्या गुडघ्याखाली हात आडवा धरला. "इथपर्यंत."

मंगलीने त्या हाताकडे पाहिलं, मग नाल्याकडे.

"वळखीचा हाय का? सांगाल ना त्याले?"

"सांगीन," ती म्हणाली आणि रिकामी टोपली डोक्यावर ठेवून निघाली.

पुढच्या गुरुवारी सहा वाजता मंगलीने नाला ओलांडला. पट्टीवर एकोणतीस सेंटीमीटर पाणी होतं. सव्वासहाला लाल दिवा लागला तेव्हा ती पलीकडच्या काठावर, वाटेकडे तोंड करून बसली होती. पावणेआठपर्यंत दिवा आणखी सहा वेळा लागला. तोवर वाटेने कोणी आलं नव्हतं.