दादाच्या पुस्तकातली आई

आत्मचरित्रं लिहिणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून राग आहे. कादंबरीवाला निदान आधीच सांगून टाकतो की हे सगळं मनातलं आहे. आत्मचरित्रवाला मात्र छातीवर हात ठेवून थापा मारतो. तिसऱ्या पानावर ‘आईने अपार कष्ट उपसले’ एवढं लिहिलं की आईची सुटी. पुढे तीनशे पानं हे महाशय मोठे होत बसतात.

माझ्या आईचं मत उलटं. “छापलंय म्हणजे दहा जणांनी तपासलं असेल ना,” ती म्हणायची. साखरेनं तिचे डोळे गेले तेव्हापासून तिला वाचून दाखवायचं काम माझं. औषधांच्या दुकानातून घरी आले, हातपाय धुतले, की तिच्या खाटेशी खुर्ची ओढायची. तिची एक रीत होती. आवडलेला मजकूर लगेच दुसऱ्यांदा ऐकायचा, आणि त्या वेळी मी एखादा शब्द गाळला तर पकडायचा. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई. सुटलेला टाका तिला खपत नसे. कादंबऱ्यांची तर ती सालटीच काढायची. एक नायक बायको गेल्यावर वर्षानुवर्षं नदीकाठी बसून दुःख करतो. वाचता वाचता मी डोळे पुसायला थांबले आणि आई म्हणाली, “याचे कपडे कोण धूत होतं, ते लिहिलंय का कुठे?” तेव्हापासून ती कादंबरी मला धड आवडत नाही.

यंदा तिच्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, आणि कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायचं म्हणजे दादाला. दादा दूरदेशी पूल बांधतो, मोठं नाव आहे त्याचं. फोनवर म्हणाला, “बघतो, पण इतक्यात जमेलसं दिसत नाही.” आणि स्वतः यायच्या ऐवजी त्यानं पुस्तक पाठवलं. त्याचं आत्मचरित्र. आईनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं चाचपलं, कापडाचा पोत बघावा तशी पानं बोटांत धरून बघितली. “माझ्याबद्दल काय लिहिलंय तेवढं ऐकलं की मी सुटले,” ती म्हणाली. तिला खरोखर दुसरं काही नको होतं.

त्याच संध्याकाळी मी बालपणाचं प्रकरण काढलं. आधी चाळून बघायला हवं होतं, पण दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडले होते. वडिलांना दोन पानं. शाळेतल्या मास्तरांना तीन. सायकलीला दीड, सायकल चांगली उतरली आहे, खोटं कशाला बोलू. आणि मग ‘आई शिवणकाम करीत असे. घरात वाचनाचे वातावरण नव्हते.’ झालं. पुढचा परिच्छेद वसतिगृहाचा.

पहिलं वाक्य मी वाचून बसले होते. दुसरं गिळलं. आईनं उशीवरून मान उचलली होती.

“पुढे?”

मी पुढे वाचलं. म्हणजे नजर पानावर ठेवून बोलत राहिले. ‘मला ताप असला की ती मला मशीनशेजारी कापडाच्या ढिगावर निजवायची. तिचा एक पाय पायडलवर चालायचा आणि दुसऱ्या पायाचा तळवा माझ्या पाठीला टेकलेला असायचा. मी झोपेत दचकलो तर तिला कळावं म्हणून.’ दादाला लहानपणी साधी शिंक आलेली मला आठवत नाही. त्या ढिगावर मी झोपायचे. पण त्या घटकेला दुसरं काही सुचेना, म्हणून माझ्याकडचं होतं ते दिलं.

आईनं मान पुन्हा उशीवर टेकवली. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. मग म्हणाली, “पुन्हा वाच.”

शब्दन् शब्द तोच यायला हवा होता. कसंबसं निभावलं. त्यानंतर तिला दुसरं काही नकोच झालं. दुकानात गोळ्यांची पाकिटं काढताना मी तो मजकूर पुटपुटत असायचे. मालकांना वाटलं, आईच्या दुखण्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारणी भेटायला आल्या की आई माझ्याकडून त्यांच्यासाठीही वाचून घ्यायची. त्या डोळे पुसत मला म्हणायच्या, “भाग्य लागतं हो, असा मुलगा मिळायला.” मी चहा टाकायला उठायचे.

एका दुपारी मी तिचं अंग पुसत होते. पाय सुजून टम्म झाले होते. ती म्हणाली, “इतका जीव लावणारं पोर, आणि मी आपली त्याला नावं ठेवत बसले.”

माझा तोल गेला. “आई, ते दादानं नाही लिहिलेलं. ती मी होते. ढिगावर मी झोपायचे. पुस्तकात तुझ्यावर दोन वाक्यं आहेत, बास.”

आई शांतपणे म्हणाली, “मलाही आधी वाटलं, ती तूच. पण त्यानं छापलंय ना. तू तेव्हा एवढीशी, तुला काय आठवणार?” तिनं माझा हात चाचपला आणि थोपटला. “असा हेवा करू नये, बाळा. तू आहेसच की माझ्याजवळ. त्याचं तेवढं त्याला राहू दे. वाच.”

मला तिचा इतका राग आला की मी टॉवेल बादलीत आपटला. पुस्तकांत शेवटच्या दिवसांत सगळे एकमेकांना समजून घेतात. मी हात पुसले, पान काढलं आणि वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दुसऱ्यांदा वाचताना तिला झोप लागली, आणि त्यातून ती नीटशी जागी झालीच नाही.

दादा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. रडला. मनापासून रडला, ते मला दिसत होतं. मग खाटेवर बसून त्यानं पुस्तक उचललं. ते आपोआप बालपणाच्या प्रकरणाशी उघडलं, इतकी ती पानं सैल झाली होती.

“एवढं ऐकायची?”

“रोज,” मी म्हणाले. “शेवटपर्यंत.”

त्यानं पानावरून नजर फिरवली. “सायकलीचा भाग तिला आवडणार, हे मला वाटलंच होतं.” थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाला, “पुढच्या आवृत्तीत तिच्यावर एक आख्खं प्रकरण घालतो. तुला आठवतंय का काही तिचं, आपल्या लहानपणचं? असेल तर सांग.”

“नाही,” मी म्हणाले. “मी एवढीशी होते. मला काय आठवणार?”