कोबीतला विकर

महादेवीनं पाट्यावर ठेचलेला कोबी फडक्यात बांधला आणि दोन्ही हातांनी पिळायला घेतला. हिरवट रस काचेच्या भांड्यात थेंबथेंब पडू लागला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक बिराजदार सर पाटावर मांडी घालून बसले होते. औरंगाबादेहून रात्रभर एसटीत अवघडून आलेला माणूस, पण नजर काही त्या रसावरून हलत नव्हती.

सासूबाईंनी, गुरम्मांनी, त्यांच्यापुढे चहा ठेवला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावरून पदर.

"काळजीचं काही न्हाई ना, डाक्टरसाहेब?"

"आज कळेल, आजी," सर म्हणाले. गुरम्मांनी मान हलवली आणि आपला बिनसाखरेचा चहा घेऊन त्या देवघरापाशी जाऊन बसल्या. दुष्काळात साखर मिळेना म्हणून त्यांनी ती सोडली असावी, असं महादेवीला वाटत होतं. विचारलं तर त्या हसण्यावारी न्यायच्या.

स्वयंपाकघरात संशोधन करायची हौस महादेवीला नव्हती. पण लातूर जिल्हा झाला, जिल्ह्यामागून कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांना खोल्या हव्या झाल्या. ती शिकवायची त्या कॉलेजनं वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा तात्पुरती म्हणून देऊन टाकली. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे काय हे सांगायला नको. मायक्रोस्कोपच्या जागी फायलींचे गठ्ठे बसले ते बसलेच. तसंही तिथल्या नळाला पाणी नव्हतं. शेवटी महादेवीनं बाटल्या, परीक्षानळ्या आणि हातानं गरगरा फिरवायचं यंत्र रिक्षात घालून घरी आणलं. फ्रिजमध्ये दुधाशेजारी तिचं आंबटसर वासाचं द्रावण जाऊन बसलं. भाजीवाली सरजाबाई विचारायची, तुमच्याकडं रोज कोबीच खातेत का म्हणून.

पाण्यावाचून पान सुकायला लागलं की त्यातला एक विकर, म्हणजे पेशीतलं कामकरी प्रथिन, पेशीच्या मेदाच्या पडद्याला जाऊन चिकटतो आणि तो पडदा तोडू लागतो. तो चिकटतो कसा, हा महादेवीचा विषय. पुस्तकं सांगत होती की मध्ये कॅल्शियम लागतंच. एक हात विकराला, एक हात मेदाला, असं ते दोघांना जोडून देतं. आणि महादेवीचा विकर तर कॅल्शियमशिवायच चिकटत होता. तिचा नवरा मल्लिकार्जुन मोंढ्यात आडतीचं दुकान चालवायचा. हे ऐकून तो धास्तावल्याचं सोंग करून म्हणाला होता, आडत्यावाचून सौदे व्हायला लागले तर आमच्या पोटावर पायच की.

हे खरं ठरलं तर हैदराबादच्या परिषदेत महादेवी निबंध वाचणार होती. तिच्या कॉलेजातून असं आजवर कुणी गेलं नव्हतं. रात्री पडल्या पडल्या ती निबंधाचं पहिलं वाक्य मनात म्हणून बघायची, आणि ते तिला फार आवडायचं.

रस गाळून, बर्फात निवळून झाला. सोयाबीनमधून काढलेला मेद त्यात मिसळला, फ्रिजमधलं द्रावण घातलं आणि मल्लिकार्जुननं बाह्या सरसावून यंत्र फिरवलं. विकर चिकटला असेल तर मेदाबरोबर तळाशी बसतो, नसेल तर वरच्या पाण्यात राहतो. कुठं आहे ते शेवटच्या थेंबांच्या रंगावरून कळतं. रंग तळाशी आला.

सर बराच वेळ नळी उजेडात धरून बसले.

"सुंदर. आता द्रावण माझ्यासमोर नवं करा."

महादेवीनं नवं द्रावण केलं. तेच आम्ल, तेच दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणी, टँकरच्या पाण्याचा थेंबही नाही. मल्लिकार्जुननं पुन्हा यंत्र फिरवलं. या खेपेला रंग वरच्या पाण्यात आला. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा वरच. निबंधाचं ते पहिलं वाक्य तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेलं, आणि तिला अगदी रडू येईल असं वाटलं. ती उगाच ओटा पुसत राहिली.

सरांनी जुनी बाटली उचलून हुंगली. हिला तुमच्याखेरीज आणखी कुणाचा हात लागतो का, असं त्यांनी विचारलं. कुणाचाच नाही, ती ठामपणे म्हणाली.

"माझा लागतो," देवघरापासून आवाज आला.

गुरम्मा उठून आल्या. चोरी पकडली जावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"दर सोमवारी पूजा झाली की चिमूटभर विभूती टाकत आले त्यात. औषधात टाकतेत की समदे."

"औषध?" महादेवीला कळेना. "कुणाचं औषध?"

"तुझंच की माय. त्या विकाराचं."

बाटल्या घरी आल्या त्या दिवसापासून गुरम्मा रोज विचारायच्या, आज विकार कसा हाय? शेवटी आपल्या कामात सासूबाईंना गोडी वाटू लागली म्हणून महादेवी मनातून सुखावली होती. उच्चाराकडे तिनं लक्ष दिलं नाही. कधी तिनं लई चिवट हाय म्हणून सांगितलं होतं, कधी आज चिकटून बसलाय, सुटायचं नाव न्हाई, आणि परवा तर, औरंगाबादहून डॉक्टर येणार आहेत, ते बघून सांगतील. तेव्हापासून टँकरची घागर गुरम्मांनी तिला उचलू दिली नव्हती.

सरांनी ताटलीत विभूतीचा खडा मागितला आणि त्यावर आम्लाचे दोन थेंब टाकले. खडा फसफसला.

"राखेत चुना असतो," ते म्हणाले. "चुना म्हणजेच कॅल्शियम. आंबट द्रावणात विरघळून गेला, दिसणार कसा?"

"म्हणजे आडत्या होताच," मल्लिकार्जुन म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी तोच हसला. मग सर हसले, इतके की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. महादेवीला हसू आलं ते रडण्याच्या अगदी जवळून आलं, पण आलं. हैदराबादचं राहू द्या, सर तिला म्हणाले. पण कॅल्शियम असताना काय होतं आणि नसताना काय होतं, हे आज तुमच्या घरात जितकं स्वच्छ दिसलं तितकं मलाही कधी दाखवता आलं नाही. प्रबंधात घाला, आणि चिमटीतली विभूती तोलून घाला.

हसण्यात गुरम्मा नव्हत्या. त्या सुनेकडेच बघत होत्या.

"मंजी तुला काहीच झालं न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई. विकर म्हणजे कोबीतला असतो. मी धडधाकट हाय."

गुरम्मांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली, तेव्हा त्या खाली टेकल्या. विभूतीची डबी त्यांनी मांडीवर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. आपण शब्द चुकलो याची त्यांना लाज वाटली असेल, असं महादेवीला वाटलं. ती त्यांच्याशेजारी बसली. मग उठून तिनं चहाचं आधण ठेवलं. सवयीनं सासूबाईंचा कप बाजूला काढला, बिनसाखरेचा.

"महादेवी," पाठीमागून गुरम्मा म्हणाल्या, "माझ्यात आता साखर घाल."

महादेवीचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. साखर कधी बंद झाली होती ते तिला आठवलं. बाटल्या रिक्षातून उतरवल्या, त्याच आठवड्यात.

तिनं झाकण उघडलं आणि कपात साखर घातली. मग आणखी एक चमचा घातला.