तिसावा मी

मित्रांनो, मी वकिलाचा एक काळा कोट आहे. जुना आहे आणि भयंकर वैतागलेला आहे. वैतागाचं कारण सांगतो, पण आधी थोडं माझ्याबद्दल.

माझा जन्म चिपळूणचा. शरच्चंद्र वकील झाले तेव्हा त्यांनी हौसेने मला शिवून घेतलं. चार वर्षं मी कोर्टात मान ताठ ठेवून उभा राहिलो. मग वकीलसाहेबांना बहरीनची नोकरी लागली. मला वाटलं, आता परदेशातलं कोर्ट बघायला मिळणार! कसलं काय. इथल्या कोर्टात इथले वकील उभे राहतात. आमचे साहेब झाले कायदेशीर सल्लागार. एसीत बसायचं, करार वाचायचे, मसुदे करायचे. मी कपाटात. चोवीस वर्षं! डांबरगोळ्यांच्या वासाने माझं डोकं उठलं.

बाहेर पडायचो ते फक्त मंडळासाठी. इथल्या मराठी माणसांनी सिंधुसागर नावाचं मंडळ काढलं, तेव्हा त्याची घटना साहेबांनी लिहिली. त्या दिवशी ते मला घालून बसले होते, म्हणून मला ते कलम पाठ आहे: 'मतदार सभासद म्हणजे बहरीनमध्ये कुटुंबासह राहणारी व्यक्ती.' जेवणाची पानं कुटुंबावर मोजायची होती, म्हणून असं लिहिलं. दोन मिनिटांचं काम. एकटे राहणारे ड्रायव्हर, सुतार, शिंपी यांचं काय, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना गणपतीला 'पाहुणे' म्हणून पास मिळायचा.

त्या पाहुण्यांपैकी एक दत्ताराम. लांज्याचा. नईम भागातल्या एका लाँड्रीत इस्त्री आणि शिवणकाम करायचा. मला खरा ओळखणारा माणूस हाच. माझं अस्तर फाटलं ते त्याने बदललं, बटणं लावली, आणि खांदे बसले तेव्हा आत नवीन पॅड घातले. "वकीलसाहेब, आता कोट कसा बसलाय बघा! आत माणूस नसला तरी असल्यासारखा वाटेल," असं तो म्हणाला होता. ते शब्द लक्षात ठेवा.

बावीस वर्षं हा माणूस मंडळाच्या गणपतीचं मखर बांधत होता. सतरंज्या घालायच्या, खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा, सगळं आटोपल्यावर हॉल झाडायचा. मत मात्र नाही. दर वर्षी तो इस्त्री करता करता विचारायचा, "साहेब, आमचं तेवढं सभासदत्वाचं बघा ना." आणि आमचे साहेब दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या सभेत घेऊ रे, इंशाल्ला." मी तिथेच टेबलावर, गरम इस्त्रीखाली. वाटायचं, उठावं आणि या माणसाला बाहीने फटका मारावा! अहो, कलम तुम्हीच लिहिलंत, मग बदलायला का कचरता?

कारण मला माहीत होतं. साहेबांना मंडळाचे अध्यक्ष व्हायचं होतं, आणि मतं सगळी कुटुंबवाल्यांची. बँकेतले हेमचंद्र उघड म्हणायचे, "सगळ्यांना सभासद केलं तर हॉलमध्ये जागा कुठे आहे?" त्यांना दुखवायचं नाही म्हणून साहेब गप्प.

या वर्षी दत्तारामचा व्हिसा संपत आला. मालकाने लाँड्री बंद करायची ठरवली. पुढच्या गुरुवारचं विमान, कायमचं. शेवटची इस्त्री करताना तो म्हणाला, "साहेब, बावीस वर्षं पाहुणा म्हणून राहिलो. जाताना पाहुणा म्हणून जायचं नाही हो. एकदाच सभासद करा. गावी काय सांगू, मंडळात कोण होतो मी?"

साहेब हलले. दुरुस्ती त्यांनी सभेच्या विषयपत्रिकेवर घातली. कुठे? सातवी, सगळ्यात शेवटी. निवडणूक पहिली! सातव्या विषयापर्यंत आमच्या मंडळात कधी कोणी पोचलेलं नाही. त्याआधी वडे येतात. मी कपाळावर हात मारला असता, पण मला कपाळ नाही.

शुक्रवारी दुपारी सभा भरली. अध्यक्षपदाला दोन उमेदवार, आमचे साहेब आणि हेमचंद्र. हेमावहिनी, म्हणजे साहेबांची बायको, सलमानियाच्या हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून येणार होत्या. त्यांची जागा धरायला साहेबांनी मला शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलं. आपली सवयच ती, रुमाल नाहीतर कोट टाकला की जागा आपली.

नव्वद सभासदांपैकी तीस हजर असले तरच सभा खरी. सेक्रेटरी वरुण घाईत होता. त्याने मागे उभं राहून पाठमोरी माणसं मोजली. "तीस! यल्ला, सुरू करा!"

मतं पडली. दत्तारामने सगळ्यांना चहा दिला. निकाल आला: साहेबांना सोळा, हेमचंद्रांना तेरा. टाळ्या. साहेबांच्या गळ्यात हार पडला. बावीस वर्षांचं स्वप्न!

वरुण कागदाकडे बघत म्हणाला, "हजर तीस, मतं एकोणतीस. एक कोणाचं राहिलं?"

चहाच्या टेबलापासून दत्ताराम म्हणाला, "साहेब, चहापण एकोणतीसच कप गेला. तिसावा माझा."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ताठ खांदे, दत्तारामने घातलेले पॅड. त्यांना कळलं. मला तर मोजणीच्या वेळीच कळलं होतं, पण मला तोंड कुठे आहे!

"जाऊ द्या हो," वरुण म्हणाला. "कोणीतरी तटस्थ राहिलं असेल. खलास."

गप्प बसले असते तर आमचे साहेब आज अध्यक्ष असते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मग त्यांनी गळ्यातला हार काढला.

"तिसावा हा कोट आहे," ते म्हणाले. "गणपूर्ती झालेली नाही. माझी निवड रद्द."

हॉलमध्ये कालवा झाला. साहेब त्यावर ओरडले, "अहो, कोट मोजलात! आणि ज्याने तुमचं मखर बावीस वर्षं बांधलं, तो समोर उभा असून मोजायचा नाही! लाज वाटते मला. कलम माझंच आहे."

नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभेला तीसची अट नसते. साहेबांच्या बाजूचे तिघं चिडून घरी गेले. हेमावहिनी धापा टाकत आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता सातवा विषय पहिला घ्या."

घेतला. अठरा हात वर, नऊ विरोधात. दत्तारामने अर्ज तिथल्या तिथे भरला. साहेबांनी मला खुर्चीवरून उचललं आणि म्हणाले, "दत्ताराम, बसा." बावीस वर्षं 'अरे दत्ताराम' म्हणणारा माणूस! दत्तारामने आधी खुर्ची पुसली, मग काठावर बसला. हेमावहिनींनी चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला.

निवडणूक पुन्हा झाली. साहेबांची आणखी दोन मतं फिरली: हेमचंद्र पंधरा, साहेब तेरा. हरले. त्या तेरांत एक मत दत्तारामचं होतं. तो सहा दिवस सभासद होता, मग गुरुवारी गेला.

साहेब अध्यक्ष झाले नाहीत याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. पण त्याहून राग येतो तो बावीस वर्षांचा. अर्ध्या तासाचं काम होतं हो! माझे पॅड आता पुन्हा बसायला लागलेत आणि ते नीट करणारा लांज्याला आहे.

मित्रांनो, मला कपाटात ठेवा, डांबरगोळ्या घाला, चालेल. पण कुठल्याही सभेत माणसं मोजायची वेळ आली तर मागे उभं राहून मोजू नका. पुढे या, तोंडं बघा. आणि चहा कोण देतंय, त्याला आधी विचारा, तुझा कप धरलास का.