फुंकबाईची लेक

दवाखान्यात तिला सगळे फुंकबाई म्हणत आणि तिला त्याचा रागही येत नसे. श्वास मोजायच्या यंत्रापुढे माणसाला बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, "फुंका! फुंका! अजून, अजून, सोडू नका!" बारा वर्षं हेच तिचं काम. एरवी घरात तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे. इथे मात्र ती ओरडायला लागली की बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा नकळत गाल फुगवत.

आज खुर्चीत तिची लेक बसली होती.

लेक बावीस वर्षांची. चालायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. अग्निशमन दलात जायचं तिने दोन वर्षांपूर्वी डोक्यात घेतलं होतं. लेखी झाली, दोर चढून झाला, धावणंही काठावर का होईना पार पडलं. आता एवढं फुंकणं राहिलं होतं. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला जेवढा श्वास हवा, त्याच्या शेकडा ऐंशी तरी भरला पाहिजे. भरला तर नोकरी, नाहीतर घरी.

"परीक्षा घ्यायला घरचंच माणूस! आता कसली काळजी?" चिमट्यामुळे गेंगाण्या झालेल्या आवाजात भिंगरी म्हणाली.

आईने हसल्यासारखं केलं. तिची नजर टेबलावरच्या फॉर्मवर होती. 'लहानपणी फुप्फुसाचा गंभीर आजार?' या प्रश्नापुढे भिंगरीने 'नाही' लिहिलं होतं. तिचा तरी काय दोष? शाळेच्या, सहलीच्या, पोहण्याच्या प्रत्येक फॉर्मवर आईनेच ते लिहिलेलं तिने पाहिलं होतं.

चार महिन्यांची असताना भिंगरी अकरा दिवस दवाखान्यात होती. निमोनिया. एवढीशी छाती भात्यासारखी हलायची आणि नाकात प्राणवायूची नळी. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत झाली, आता विसरून जा. आई आनंदाने विसरली. मग भिंगरी दहा वर्षांची असताना ती हे काम शिकायला गेली आणि तिथल्या पुस्तकात तिने वाचलं, की तान्हेपणी असा आजार होऊन गेलेल्या काही मुलांच्या बारीक श्वासनळ्या कायमच्या अरुंद राहतात, फुप्फुसं पुरती वाढत नाहीत. काही मुलांच्या, सगळ्यांच्या नाही. त्या 'काही'च्या आधाराने तिने बारा वर्षं ढकलली. गावभरच्या माणसांना फुंकायला लावलं, पण पोटच्या पोरीला या खुर्चीत बसवायची तिची छाती झाली नाही. मोजलं नाही तोवर ते नाहीच, अशी स्वतःची समजूत घातली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"भर छाती! फुंक! अजून, अजून, अजून!"

भिंगरीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावरची रेघ वर चढली आणि उतरताना आत खचली. एकसष्ट. दुसऱ्यांदा साठ. तिसऱ्यांदा पुन्हा एकसष्ट. अंगचोरपणा करणाऱ्याचे आकडे नाचतात, जीव तोडून फुंकणाऱ्याचे एका जागी उभे राहतात. हे फुंकबाईला कोणी सांगायला नको होतं.

"थांब, अजून एक उपाय आहे," ती म्हणाली.

तिने भिंगरीला औषधाचे चार फवारे ओढायला दिले. औषधाने नळ्या मोकळ्या झाल्या तर तो दमा, आणि दम्यावर उपचार असतात. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. पोरीला दमा निघू दे, असं मनापासून मागणारी आई दुसरी कुठे असेल की नाही कोण जाणे.

"मगाशी मी नीट फुंकलंच नाही गं," भिंगरी म्हणाली. "काल धावताना जरा जास्त दमले. उद्यापासून दोन फेऱ्या वाढवते. तू वेळ लावशील ना?"

दोन वर्षं रोज सकाळी आई मैदानाच्या कडेला घड्याळ आणि पाण्याची बाटली घेऊन उभी राहत होती. नळी उचलावी आणि लेकीच्या नावावर आपणच फुंकावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. कोणाला कळलं असतं? पण उद्या धुराने भरलेल्या खोलीत लेकीच्या जागी आई कशी जाणार होती? तिने नळी खाली ठेवली.

पंधरा मिनिटांनी ती पुन्हा ओरडली. इतकी, की बाहेरचं बोलणं थांबलं. भिंगरी अर्धी वाकून फुंकत राहिली, शेवटी तिला ठसका लागला.

बासष्ट.

"एक तरी वाढला," भिंगरी धापा टाकत हसली. "महिनाभर दे मला. मीच कमी पडले."

ते 'मीच' आईला ऐकवेना. तिने फॉर्म ओढला, 'नाही' खोडलं आणि त्यावर 'हो' लिहिलं. मग जे होतं ते सगळं सांगून टाकलं, अकरा दिवस आणि पुस्तकातलंही. "तू कमी पडली नाहीस. कितीही धावलीस तरी हा आकडा हलायचा नाही. धूर तर तुला मुळीच चालणार नाही."

भिंगरीने नाकावरचा चिमटा काढून हळूच ताटलीत ठेवला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"शंका होती. बारा वर्षं."

"मग रोज सकाळी घड्याळ का लावत होतीस?"

"तू फेरी पुरी करून यायचीस ना, तुझ्याकडे बघून वाटायचं, चुकलं असेल पुस्तक."

भिंगरीने पडद्यावरच्या खचलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"चुकलं नव्हतं ना?"

"नाही," आई म्हणाली.