बाबांची वाइड लेन्स

आज दुपारी धाकट्याचं स्वरयंत्र काढणार होते. पोरगं वाचेल, पण बोलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईचा जीव टांगणीला लागला होता तो आणखी एका गोष्टीसाठी. थोरला आणि तो एकमेकांशी बोलत नव्हते. नवऱ्याच्या माघारी त्याची वाइड लेन्स थोरल्याने स्वतःकडे ठेवली, तेव्हापासून एक अक्षर नाही. एका कुशीची दोन लेकरं, पण मधला झरा पार आटलेला.

म्हणून तिनेच हट्ट धरला, ऑपरेशनला नेण्याआधी सगळ्यांचा फोटो हवा. हॉस्पिटलची खोली एवढीशी. त्या लेन्सशिवाय पलंगाभोवतीची माणसं फोटोत मावलीच नसती.

थोरला जुना कॅमेरा घेऊन दाराला पाठ टेकवून उभा राहिला. "ओठ मिटा सगळ्यांनी. फिल्मवर दोनच फोटो उरलेत."

खटका वाजला आणि आईचं लक्ष गेलं. लेन्सवरचं काळं झाकण तसंच होतं! त्या जुन्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी निराळी, लेन्स निराळी. झाकण असलं तरी बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं. नवऱ्याच्या हातून हे कितीदा झालं होतं, आणि दर वेळी तीच ओरडायची.

धाकट्या सुनेने तोंड उघडलं. आईने तिचा हात करकचून दाबला. गप्प, पोरी.

"आता शेवटचा," थोरला म्हणाला.

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. वॉर्डातल्या मावशींनी दार ढकललं. "सरका हो साहेब! डॉक्टर काय तुमच्यासाठी थांबणारेत?"

थोरल्याने पाठीने दार रेटून धरलं. बोट खटक्यावर ठेवलं. धाकट्याची नजर लेन्सवर खिळली होती, गळ्याची घाटी वरखाली होत होती. बोल रे राजा, आई मनात म्हणत होती, आहे तोवर बोल.

बोट दाबलं जाणार, तोच...

"दादा!" आवाज फाटका, खरखरीत. "झाकण काढ, येडचाप! अगदी बाबांवर गेलायस."

थोरल्याने कॅमेरा खाली घेतला. झाकण राहिलं बाजूला, तो भावाकडेच बघत राहिला.

"काय म्हणालास?"

"बहिरा झालास का?"

"झालो. परत म्हण."

दार पुन्हा धडकलं. "मावशी, एवढं होऊ द्या हो," आई काकुळतीने म्हणाली.

थोरल्याने झाकण काढलं. धाकट्याने परत म्हटलं, वर दोन शिव्याही घातल्या. तोंड अजून उघडंच होतं, तेवढ्यात खटका वाजला.